सात नंबरच्या खाणीची भिंत

डेल्फिया स्टिडम एकतीस वर्षं ऑटर फोर्कच्या शाळेत स्वयंपाकीण होती. पहाटे साडेपाचला भट्टी पेटवायची, तीनशे पोरांचा मक्याचा पाव, घेवडा, दूध, आणि शुक्रवारी मासे. तिच्या हातचं खाऊन मोठी झालेली मुलं पुढं खाणीत गेली, सैन्यात गेली, ओहायोतल्या कारखान्यांत गेली. कुठंही भेटली तरी ती पावाची आठवण काढायची. डेल्फियाला मात्र वाटायचं, यांनी एकदा तरी सात नंबरच्या खाणीबद्दल विचारावं. कुणी विचारलं नाही.

ती स्वतःसुद्धा तेहेतीस वर्षांची होईपर्यंत त्या खाणीबद्दल इतरांइतकंच जाणत होती. एकोणीसशे सव्वीसच्या नोव्हेंबरात स्फोट झाला, चौतीस माणसं आत होती, सगळी एका क्षणात गेली. चर्चच्या अंगणातल्या दगडावर तसंच कोरलेलं होतं. त्या चौतिसांत तिचे आजोबा लूथरही होते. त्यांचा फोटो नव्हता, थडगं नव्हतं. केंटकीच्या त्या डोंगरांत अशी पुष्कळ घरं होती, त्यामुळं त्यात काही वेगळं आहे असं तिला कधी वाटलं नाही.

मग तिची आजी, मॅमॉ रिला, अंथरुणाला खिळली. फेब्रुवारीतल्या एका दुपारी डेल्फिया तिला रस्सा भरवत होती. म्हातारीनं चमचा हातानं बाजूला सारला.

"लूथर लगेच गेला नव्हता," ती म्हणाली.

"मॅमॉ, सगळे एकदमच गेले. दगडावर लिहिलंय."

"दगड कंपनीनं दिलाय." म्हातारीनं दम घेतला. "हवेचा नळ होता ना, आत जाणारा, तो तीन दिवस वाजत होता. आम्ही बायका पाळीपाळीनं कान लावायचो. आतून कुणीतरी हाणत होतं, दगडानं नाहीतर टिकावानं. आत आग होती. कोळसा जळून जाईल म्हणून कंपनीनं तोंड बंद करायचं ठरवलं. हवा तोडली की आग विझते. आम्ही ओरडलो, आत जिवंत आहेत. कंपनीच्या बंदूकवाल्यांनी आम्हाला हाकललं. तिसऱ्या दिवशी भिंत बांधून झाली."

"कुणी बांधली?"

रिलानं भिंतीकडं तोंड फिरवलं. "इथल्याच माणसानं. दुसरं कोण बांधणार?"

आठ दिवसांनी ती गेली.

डेल्फियानं ते कुणाला सांगितलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती बसनं राज्याच्या राजधानीला गेली आणि खाण-निरीक्षकांचा जुना अहवाल वाचायला मागितला. तिथल्या बाईंनी तो दिला, वर पेन्सिलही दिली. चौतीस नावं होती. लूथरचं आडनाव चुकलं होतं. नावांखाली एक ओळ: सर्वांचा मृत्यू तत्काळ. तिनं ती ओळ उतरून घेतली. परतीच्या बसमध्ये तो कागद तिनं इतक्या वेळा उघडला की गावात पोचेपर्यंत घडीवर फाटला.

तिच्या नवऱ्यानं, व्हर्लनं, तिला टेपरेकॉर्डर आणून दिला. तो कोळशाचा ट्रक चालवायचा, मोकळ्या स्वभावाचा होता. "लोक रविवारी मासे पकडतात," तो सगळ्यांना सांगायचा, "माझी बायको म्हातारे पकडते." चर्च सुटलं की ती निघायची, या खोऱ्यातून त्या खोऱ्यात. सोबत घरी भाजलेली गोड पाई असायची, आत सफरचंद नाहीतर रताळं भरलेली. आधी पाई, मग पिकं, मग गुडघेदुखी, आणि मग हळूच सात नंबर.

आठ वर्षांत तिनं एकोणीस जणांचे आवाज गोळा केले. कोरा नावाची एक म्हातारी नवऱ्याचा कोरडा सदरा घेऊन तीन दिवस खाणीच्या तोंडाशी बसली होती. बाहेर आला की गारठेल म्हणून. ब्रेवर्ड नावाचा एक न्हावी तेव्हा सात वर्षांचा होता. बापानं त्याला उचलून त्याचा कान नळाला लावला आणि म्हणाला, "ऐक, मामा बोलतोय." ब्रेवर्ड आता साठ वर्षांचा होत आला होता. हे सांगताना त्यानं टेप दोनदा बंद करायला लावली. पण भिंत कुणी बांधली, हे एकोणिसांतल्या कुणीच सांगितलं नाही. नाव आलं की बोलणं थांबायचं, नाहीतर दुसरीकडं वळायचं. सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलणार नाही, एवढं तिला कळलं.

गोळा केलेलं आपल्यापाशी ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती गावच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत काउंटीचा इतिहास सांगायची: कुठली वाडी कुणी वसवली, जुनी गिरणी कुठं होती, पुलाला ते नाव का पडलं. पहिल्या वर्षी चाळीस माणसं यायची. घरोघरी टीव्हीवर वाहिन्या वाढल्या, तशी बारा झाली. शेवटी शेवटी तीन, आणि त्यातला एक गरम खोलीत झोपायला यायचा. तरी ती खुर्च्या चाळीसच मांडायची.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्याबरोबर विल्मा होती. दोघी वर्षानुवर्षं एकाच ओट्यावर पीठ मळत होत्या. एकमेकींची दुखणी, नवरे, सासवा, सगळं एकमेकींना पाठ होतं. विल्माचे वडील इरा कॉडिल म्हणजे त्या भागातले नामांकित गवंडी. शाळेचं धुराडं त्यांचं, चर्चची पायरी त्यांची, पुलाचे खांबही त्यांचेच. त्र्याऐंशीव्या वर्षी ते विल्माच्या घरी ओसरीवर खुर्चीत बसून असायचे. शाळेला पन्नास वर्षं होत होती, म्हणून डेल्फिया त्या धुराड्याची हकिगत विचारायला गेली. तिच्या मनात तेवढंच होतं.

इरानं धुराड्याचं सांगितलं. विटा कुठून आणल्या, चुना कसा भिजवला, सगळं. मग म्हणाला, "पोरी, तुझं ते यंत्र चालूच आहे का?"

"आहे, अंकल इरा. बंद करू?"

"राहू दे. तू लूथरची नात ना? मी वाटच बघत होतो, तू कधी विचारतेस. तू तर धुराड्याचं विचारत बसलीस." तो हसला, पण ते हसणं टिकलं नाही. "ती भिंत माझी आहे."

डेल्फियानं यंत्र त्याच्या जरा जवळ सरकवलं.

"पहिल्या दिवशी दोन थर लावले तेव्हा नळ वाजत होता. मी थापी खाली ठेवली. मुकादम म्हणाला, ते लोखंड तापून तडतडतंय. मी म्हणालो, लोखंड थांबून थांबून तडतडत नाही. तो म्हणाला, तुला पाच पोरं आहेत ना, इरा? एवढंच म्हणाला. मी थापी उचलली. दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज थांबला. आणि तुला खरं सांगतो, मला हायसं वाटलं. तेच मला आजवर सोडत नाही. भिंतीचं एवढं नाही. हायसं वाटलं, त्याचं."

दाराशी कॉफीचे पेले घेऊन विल्मा उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"माझं नाव जिवंतपणी नको घेऊस," इरा म्हणाला. "पुढं तुझं तू बघ."

दोन वर्षांनी इरा वारला. अंत्यविधीला चार खोऱ्यांतली माणसं आली. आठवडाभरानं पीठ मळता मळता डेल्फियानं विषय काढला.

"विल्मा, ते म्हणाले होते, जिवंतपणी नको."

"हो," विल्मा म्हणाली. हात थांबला नाही तिचा. "आणि मी अजून जिवंत आहे."

त्यावर डेल्फिया चौदा वर्षं गप्प बसली.

या चौदा वर्षांत एकोणिसांपैकी अठरा जण गेले. व्हर्लही गेला, खाणीत न उतरता नुसता ट्रक चालवूनसुद्धा छातीत कोळसा साचलाच होता. इराच्या विसाव्या टेपसकट सगळ्या टेपा बुटांच्या खोक्यांत, तिच्या पलंगाखाली होत्या. तिला रात्रंदिवस एकच टोचणी लागून राहिली: मी मेले की हे संपलं.

राज्याची इतिहास-समिती रस्त्याकडेला धातूचे फलक लावत असे. डेल्फियानं सात नंबरसाठी अर्ज केला. मजकूर स्वतः लिहिला. त्यात एक वाक्य होतं: "आत माणसं जिवंत असल्याची खूण तीन दिवस मिळत होती, तरी खाणीचं तोंड बंद करण्यात आलं." पुराव्यात तिनं टेपांची यादी जोडली. शेवटच्या टेपेपुढं नाव न घालता लिहिलं, "भिंत बांधणारा गवंडी."

समितीचे ट्रॅब्यू म्हणून एक गृहस्थ स्वतः गाडी घेऊन तिच्या घरी आले. सभ्य माणूस. तिच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी पाईचे दोन तुकडे खाल्ले.

"मिसेस स्टिडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे," ते म्हणाले. "पण समितीपुढं सरकारी अहवाल आहे. त्यात तत्काळ म्हटलंय. तुमच्या टेपा म्हणजे पन्नास वर्षांनी सांगितलेल्या आठवणी. त्यातला जो खरा साक्षीदार, त्याचं नाव नाही. नाव द्या, टेप द्या, मी भांडेन."

"नाव मला देता येत नाही."

"मग ते वाक्य जाईल."

"आणि बाकीचं राहील?"

"बाकीचं राहील. चौतीस नावं राहतील. निदान स्पेलिंग नीट असेल." हे त्यांनी तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. तिला ते लागलं.

ती विल्माकडं गेली. विनवण्या केल्या. विल्मा म्हणाली, "मे महिन्यात सगळे थडगी सजवायला येतात, तेव्हा डॅडीच्या थडग्यावर सगळ्यांत जास्त फुलं असतात, डेल्फी. माझ्या दोन नातवांना त्यांचं नाव आहे. तुझी चौतीस माणसं आधीच मेलेली आहेत. तू माझं एक कशाला मारतेस?"

डेल्फियानं नाव दिलं नाही. पंच्याण्णवच्या ऑक्टोबरात, त्या वाक्याविना, फलक उभा राहिला.

समारंभाला दीडशे माणसं होती. शाळेच्या बँडनं वाजवलं, पाद्र्यांनी प्रार्थना केली. कापड दूर झालं. "चौतीस शूर खाणकामगारांनी प्राण अर्पण केले," अशी ओळ होती. डेल्फियाला दोन शब्द बोलायला बोलावलं. तिनं कागदावर आभार लिहून आणले होते. ती उभी राहिली, फलकाकडं बघितलं, आणि 'अर्पण' या शब्दावर तिची नजर अडकली.

"अर्पण नाही केले," ती म्हणाली. "ते बाहेर यायला मागत होते. माझे आजोबा बाहेर यायला मागत होते. आणि आपण भिंत बांधली. कंपनीनं सांगितलं, पण विटा आपल्या माणसानं लावल्या. इरा कॉडिलनं लावल्या. त्यांनी स्वतः मला सांगितलंय."

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी ओरडलंही नाही. बँडमधली एक मुलगी खोकली. दुसऱ्या रांगेतून विल्मा उठली, पर्स उचलली आणि गाड्यांकडं चालू लागली. तिच्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी तिला वाट करून दिली.

गावच्या साप्ताहिकात समारंभाची बातमी आली. डेल्फियाच्या भाषणाबद्दल लिहिलं होतं, "श्रीमती स्टिडम यांनी आठवणी सांगितल्या." दुकानात लोक तिला टाळू लागले. मेलेल्या माणसावर आळ घेतला, असं चर्चमध्ये दबक्या आवाजात बोललं गेलं. ज्यांच्या स्वतःच्या आज्या त्या नळाला कान लावून बसल्या होत्या, तीच माणसं हे बोलत होती. शाळेत विल्मानं दुसऱ्या ओट्यावर काम मागून घेतलं. दोघी आणखी दोन वर्षं एका छताखाली होत्या. विल्मानं तिच्याशी मिठापुरतंही बोलणं ठेवलं नाही.

ट्रॅब्यूंचं पत्र आलं. आता नाव जाहीर झालंच आहे, तर टेपा पाठवा; आम्ही त्यांच्या प्रती करू, तज्ज्ञ ऐकतील, फलक बदलता येईल. डेल्फियानं खोकी पलंगाखालून काढली. पुसली. दोरी बांधली. पत्ताही लिहिला. मग इराच्या टेपेवरचं स्वतःचं अक्षर दिसलं, आणि तिला ओसरीवरची विल्मा दिसली, हातात दोन पेले घेतलेली. "तोंडानं एक केलं ते केलं," ती स्वतःशी म्हणाली. "आता हातानं नको." खोकी परत पलंगाखाली गेली. ट्रॅब्यूंनी आणखी दोनदा लिहिलं. मग ते निवृत्त झाले, आणि नंतर कुणी विचारलं नाही.

डेल्फिया मनाशी म्हणायची, विल्मा गेली की पाठवीन. विल्मा ठणठणीत होती. वर्षं गेली. वाचनालयाची मागची खोली संगणकांना दिली. डोंगराच्या पलीकडून नवा मोठा रस्ता झाला आणि फलकापुढून जाणारी वाहनं थांबली.

मग दोन हजार बावीसच्या जुलैत पूर आला. पहाटे पाण्यानं डेल्फियाला पलंगावरून उठवलं तेव्हा ते गुडघ्यापर्यंत होतं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. शेजारच्यांनी खिडकीतून ओढून बाहेर काढलं. ती ओरडत होती, "पलंगाखाली! पलंगाखाली!" त्यांना वाटलं कुत्रा आहे. एक जण पुन्हा आत गेला, हात घालून बघितलं आणि म्हणाला, "काही नाही गं आजी, नुसती खोकी आहेत."

चार दिवसांनी ती घरात जाऊ शकली. टेपा चिखलात होत्या, काही अंगणात, काही कुंपणाला. तिनं एकेक वेचली. बादलीत धुतली. फीत बाहेर ओढून, फडक्यानं पुसून, कपड्यांच्या दोरीवर टाकली. आठवडाभर तिच्या अंगणात तपकिरी फिती लोंबत होत्या. मदतीला आलेल्या एका तरुण कार्यकर्तीनं कुठूनतरी जुना टेपरेकॉर्डर आणला. वीसच्या वीस टेपा लावून बघितल्या. बहुतेकींत घरघर होती. एकीत बाईचा आवाज आला. डेल्फिया पुढं वाकली. ती स्वतःच होती: "आणखी थोडी पाई घेणार?" पुढं पुन्हा घरघर.

बेघर झालेल्यांना शाळेच्या व्यायामशाळेत ठेवलं होतं. तिच्या खाटेपासून दोन खाटा सोडून विल्मा होती. तिचंही घर गेलं होतं. टेपा लावून बघितल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी डेल्फिया उठून तिच्याजवळ जाऊन बसली. सत्तावीस वर्षांनी.

"टेपा गेल्या," ती म्हणाली.

"ऐकलं मी."

"आता तू एकटीच आहेस, विल्मा. त्यांच्या तोंडून ऐकलेली. मी सांगितलं तर लूथरची नात, रागानं बोलते म्हणतील. तू सांगितलंस तर कुणी नाही म्हणणार नाही. ती मदतीला आलेली पोरगी लिहून घेईल. एकदा सांग. फुलं यायचीच असतील तर तरीही येतील."

विल्मानं गुडघ्यावरच्या घोंगडीच्या गाठी चाचपल्या. मग म्हणाली, "तू टेप करून गेलीस त्या दिवशी डॅडी रडले, तुला माहीत आहे? मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. रडून झाल्यावर म्हणाले, बरं झालं, आता लूथरच्या नातीकडं आहे ते. आपल्याकडं नाही."

"मग सांग ना."

"मी ऐकलं होतं, डेल्फी. शब्दन् शब्द ऐकला होता. तुझ्यावर ते खोटं बोलल्याचा आळ आला तेव्हाही मला माहीत होतं. आणि मी गप्प बसले." तिनं पहिल्यांदा डेल्फियाच्या डोळ्यांकडं बघितलं. "आता बोलले तर ते गप्प बसणंही सांगावं लागेल. माझ्याच्यानं नाही व्हायचं. मी ते बरोबर घेऊन जाणार."

आणि तिनं तसंच केलं. डिसेंबरात, मुलीच्या घरी, न्यूमोनियानं ती गेली.

डेल्फियाला तिच्या भावाचा मुलगा, क्लेटन, ओहायोला घेऊन गेला. घर स्वच्छ, उबदार होतं, त्याची बायको चांगली होती. खिडकीतून डोंगर दिसत नव्हते. तिनं वही घेतली आणि आठवणीतून लिहायला बसली. पहिली नऊ माणसं नीट आली. दहाव्यापासून घोटाळा सुरू झाला. सदरा घेऊन बसलेली कोरा होती की कोराची जाऊ? मामा बोलतोय, हे ब्रेवर्डनं सांगितलं की ब्रेवर्डबद्दल दुसऱ्या कुणी सांगितलं? इरा म्हणाला आवाज दुसऱ्या दिवशी थांबला, आणि रिला म्हणाली होती तीन दिवस वाजत होता. दोघांत खरं कोण? हे पूर्वी तिला कधी खटकलं नव्हतं. आता विचारायला कुणीच नव्हतं. तिनं जेवढं लिहून झालं तेवढं राज्याच्या इतिहासाच्या त्रैमासिकाला पाठवलं. दोन ओळींचं अदबीचं उत्तर आलं. लिखाण हृद्य आहे. मात्र मूळ ध्वनिमुद्रण उपलब्ध नसल्यानं छापता येत नाही.

मे महिन्यात तिनं क्लेटनला ऑटर फोर्कला न्यायला लावलं. स्मशानात फुलं घातली, इराच्या थडग्यावरही. मग म्हणाली, जुन्या रस्त्यानं घे. फलकाच्या जागी खांबाचा बुंधा तेवढा उरला होता, चिखलात वाकलेला. वरचा धातू पुरानं नेला होता, नाहीतर नंतर कुणी भंगारात घातला होता. दहा महिने झाले होते. क्लेटननं काउंटीच्या कचेरीत फोन करून विचारलं, तर तिथल्या माणसाला असा फलक होता हेच माहीत नव्हतं.

"नवा लावतील, आत्या," क्लेटन म्हणाला. "मी अर्ज करतो."

"काय लिहिशील?"

"तू सांगशील ते."

ती त्या बुंध्याकडं बघत राहिली. वरच्या चढावर, जिथं खाणीचं तोंड होतं, तिथं आता नुसती झाडी होती. "होतं ते अर्धं खोटंच होतं," ती म्हणाली. "पण नावं तरी होती."

क्लेटननं तिला हात दिला. ती गाडीत बसली, पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले.

"चल," ती म्हणाली. "अंधार व्हायच्या आत पूल ओलांडू."